मदत हवी आहे: जुन्या आउटबोर्ड मोटरचा खालचा सिलिंडर गरम झाल्यावर स्पार्क सोडतो

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणावरच्या आमच्या होडीला दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सरवाली. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या दोरीत सुरू होते. थोडी तापली की खालचा सिलिंडर बंद. तेव्हा स्पार्क पिवळट, मरतुकडा दिसतो. वरच्याचा मात्र छान निळा.

प्लग नवे आहेत, अदलाबदल केली तरी दोष खालीच राहतो. दोन्ही पॉइंट साफ करून फीलर गेजने ०.५ मिमी गॅप ठेवला. म्हणजे संशय खालच्या कॉइलवर (स्पार्कचा दाब तयार करणारी तारेची गुंडाळी) किंवा कंडेन्सरवर. दोन्ही सिलिंडरना ते वेगवेगळे आहेत, म्हणून दोन्ही बाजूंचे आपसांत बदलून बघायचा विचार आहे. पण त्यासाठी फ्लायव्हील (हे भाग ज्याखाली बसतात ते वरचं जड चाक) पुन्हा काढावं लागेल, आणि हातोडी मारून काढायला मन धजत नाही. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) वाकली तर मोटरच संपली.

सातपूर-अंबड भागात कुणाकडे पुलर (फ्लायव्हील ओढून काढायचं अवजार) भाड्याने मिळेल का? जुन्या स्कूटरचा कंडेन्सर चालतो का? कॉइल गरम असतानाच तपासून, गरज पडल्यास रिवाइंड करून देणारा खात्रीचा कारागीर नाशिकमध्ये असेल तर कृपया सांगा. मोटर वडिलांच्या हातची आहे, भंगारात द्यायची नाही.