मदत हवी आहे: आउटबोर्ड मशीन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उलटं फेकतंय. रीड व्हॉल्व्ह (कार्ब्युरेटरमागच्या पातळ पत्त्यांच्या झडपा) गेले असतील का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. देवबागला आमची अठरा फुटी फायबरची होडी आहे. काका सकाळी जाळी घेऊन जातात, हंगामात थोडेफार पर्यटकही फिरवतात. मागे १५ एचपीचं जपानी टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे: दोन सिलिंडर, दोघांना मिळून एकच कार्ब्युरेटर, दोरी ओढून चालू करायचं. तेल पेट्रोलमध्येच मिसळतो, ५०:१, आउटबोर्डचंच टीसी-डब्ल्यू३.

पावसाळाभर मशीन पडवीत उभं होतं. नारळी पौर्णिमेनंतर होडीला लावलं तेव्हापासून रडगाणं सुरू आहे. थंड असताना दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. चालू झालंच तर चोक अर्धा ओढून ठेवावा लागतो. हळू चालीवर थडथडतं आणि गियर टाकला की बंद. पूर्ण थ्रॉटल दिला की मात्र काहीच झालं नसल्यासारखं पळतं. पुढचं हवेचं झाकण काढून पाहिलं, तर कार्बच्या तोंडातून पेट्रोलचा बारीक फवारा बाहेर येतो. झाकण आतून तेलकट ओलं असतं.

कार्ब दोनदा खोलून धुतला, फ्लोटची सुई आणि जेट नवे घातले. प्लग नवे, फ्युएल पंपाचा पडदा नवा, पेट्रोल ताजं. स्पार्क दोन्हीकडे निळा, ठसठशीत. कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला ११५, खालच्याला ११२ पीएसआय. मिस्त्री म्हणतो कार्बची बॉडीच झिजली आहे, नवा घाला. किंमत ऐकून काका नुसते हसले.

कर्ली नदीच्या मुखाशी लाट फुटते तिथे वेग कमी करावाच लागतो, आणि हे नेमकं तिथेच बंद पडतं. म्हणून घाई आहे. रीडबद्दल वाचलंय, पण न खोलता खात्री करता येते का? खोलायचं तर घरी जमेल का? आणि नवे रीड स्टीलचे घ्यावेत की फायबरचे?

नस्ती उठाठेव

आधी पेट्रोलच बघा. हल्ली पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि समुद्रकाठी तर विचारायलाच नको. बाटलीत काढून रात्रभर ठेवा, खाली थर बसतो का पाहा.

तेलकट हात

वरचा सल्ला एरवी चांगला आहे, पण पाणी असतं तर पूर्ण थ्रॉटललाही मशीनने आचके दिले असते. इथे वरच्या चालीला तक्रारच नाही.

आम्ही कोल्हापूरवाले, होडीतलं आपल्याला काही कळत नाही. पण रीड कळतात, कारण यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर हात बसलाय. गाडी वर पळते, खाली थांबत नाही, आणि एअर फिल्टर तेलाने भिजलेला: अशी गाडी आली की मी कार्ब काढतो तो रीडपर्यंत पोचण्यासाठी, धुण्यासाठी नव्हे. फरक एवढाच की आरएक्सला सिलिंडर एक, त्यामुळे लगेच बोंबलते. तुमच्याकडे दोन आहेत, एक जण दुसऱ्याचं पाप झाकतोय.

रापणकर

रे बाबा, ह्या रीडचाच काम. आमच्या होडयेक पण असाच झालेला. मिस्त्रीन पत्र्याची पट्टी कापून बसवल्यान. थोडे दिस बरा चालला, मगे ती पट्टी तुटान आत गेली नि पिस्टन खल्लास. माका विचारशीत तर ओरिजनल घाल. आणि तोपर्यंत मुखार जाव नको, गेलंस तर वल्ही आणि नांगर सोबत घे.

इंजिनरूम

नवा कार्ब घेऊ नका, निदान एवढ्यात तरी.

पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये पोकळी होते, रीडच्या पत्त्या उघडतात, मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तिथला दाब वाढतो आणि पत्त्या मिटतात. मग मिश्रणाला ट्रान्स्फर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाण्यावाचून वाट उरत नाही. पत्ती पुरती मिटली नाही तर ते आल्या वाटेने कार्बकडे परततं. हळू चालीवर त्याला परतायला सवड मिळते. पाच हजार आरपीएमला पत्तीला मिटायला मिळणारा वेळ इतका थोडा आणि आत येणाऱ्या मिश्रणाचा जोर इतका, की तेवढी गळती खपून जाते. तुमची सगळी लक्षणं यात बसतात. कार्ब एकच असल्यामुळे एका सिलिंडरचं उलटं फेकणं दुसऱ्याचंही मिश्रण बिघडवतं.

कॉम्प्रेशन गेजवर विसंबून मिस्त्री इथे फसतात. गेज पिस्टनच्या वरचा दाब मोजतो, रीड सांभाळतात खालचा. रीड पार तुटलेले असले तरी आकडे उत्तम येऊ शकतात. तुमचे आकडे एवढंच सांगतात की रिंगा आणि हेडचं पॅकिंग ठीक आहे. ते कळलं हेही कमी नाही.

न खोलता खात्री करायची तर मशीन पाण्याच्या पिंपात चालवा. पाणी वॉटर पंपाच्या वर हवं, कोरडं चालवलं तर इम्पेलर बघता बघता जळतो. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. हवेचं झाकण काढा आणि हळू चालीवर कार्बच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. किंचित धुरकट ओल काही मशीनना असतेच, तिच्यावरून निकाल देऊ नका. तेलकट थेंबांचे ठिपके पडू लागले तर रीड. मग एकेका प्लगची टोपी काढा, पण काढलेली टोपी जुन्या प्लगला लावून तो प्लग मशीनच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जायची भीती. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तो आजारी. हे सगळं उघड्यावर करा, आग विझवायचं नळकांडं जवळ असू द्या, आणि बिडीवाल्यांना लांब ठेवा.

दोन संशयित आणखी आहेत. क्रँकचं सील गेलं तरी हळू चाल बिघडते. पण तेव्हा मशीन बाहेरची हवा ओढतं, प्लग पांढरट पडतो आणि आरपीएम आपोआप चढतो. पेट्रोल बाहेर फेकलं जात नाही. दुसरी म्हणजे फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर जागेवर धरणारा लहान धातूचा तुकडा. ती अर्धवट कापली गेली तर टायमिंग सरकतं आणि कार्बमधून फटाके येतात, पण मग वरच्या चालीलाही दम राहत नाही.

घरी जमेल, घाई केली नाही तर. आधी लिंकेज, चोकची कांडी आणि नळ्यांचे फोटो काढा. कार्ब, मग इनटेक मॅनिफोल्ड, त्यामागे रीडची प्लेट. जपानी मशीनच्या स्क्रूची फुली जेआयएस मापाची असते. साधा फिलिप्स पेचकस तिच्यात घसरतो आणि डोकं खातो. खरं संकट मात्र बोल्टचं आहे. खाऱ्या पाण्यात सहा एमएमचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असा बसतो की जोर लावला तर डोकं हातात येतं. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सुटताना अर्धा आटा पुढे, पाव मागे करत काढा. गरम करावं लागलंच तर पेट्रोलचा थेंबही आसपास नको, आणि हॉट एअर गन वापरा, ज्योत नव्हे.

प्लेट हातात आली की उजेडासमोर धरा. पत्ती आणि ती जिथे टेकते त्या बैठकीमधून उजेड दिसायला नको. कोपरे तुटलेत का, मुळाशी स्क्रूजवळ केसासारखी चीर आहे का, ते भिंगाने बघा. टोक बैठकीपासून किती उचललंय ते फिलर गेजने मोजा. मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधली धरा, अशा छोट्या मशीनना ती बहुधा ०.२ मिमीच्या आसपास असते. वाकलेली पत्ती उलटी करून लावायचा सल्ला कुणीतरी देईल. ऐकू नका. उलट्या बाजूने वाकवली की ती मुळाशी लवकर तुटते.

बैठकही तपासा. स्टीलच्या पत्तीने ॲल्युमिनियमवर खळगा पाडला असेल तर नवी पत्तीही गळेल. प्लेट सपाट आणि नुसत्या धातूची असेल तर जाड काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासता येते. बैठकीवर रबराचा थर असेल तर पेपर लावूच नका, प्लेट बदला.

स्टील की फायबर? कंपनीने जे दिलं तेच घाला. फायबरची पत्ती तुटली तर तुकडा सहसा फार नासधूस न करता बाहेर जातो, हा तिचा फायदा खरा. पण जाडी आणि ताठपणा जुळला नाही तर हळू चाल पुन्हा बिघडते. मच्छीमारीच्या मशीनवर प्रयोग कशाला?

आणि पत्तीचा तुकडा गायब दिसला तर तो सापडेपर्यंत पुन्हा दोरी ओढायची नाही.

खाडीकाठ

इंजिनरूम साहेब, अनेक आभार. कागदावर ठिपकेच ठिपके. खालच्या सिलिंडरची टोपी काढली तर मशीनला पत्ताच लागला नाही. म्हणून खोललं. एक बोल्ट हट्टाला पेटला होता, गरम करूनच सुटला.

वरच्या सिलिंडरच्या पत्त्या चांगल्या आहेत. खालच्याची एक पत्ती टोकाला अर्ध्या मिमीच्या वर उचललेली, शेजारचीचा कोपरा तुटलेला. बैठकीवर खूण आहे, पण नखाला लागत नाही. तुटलेला कोपरा, जेमतेम तांदळाच्या कणीएवढा, कुठेच नाही. आता?

इंजिनरूम

बारीक लोहचुंबक तारेला बांधून रीडच्या तोंडातून क्रँककेसच्या तळाशी फिरवा. पत्ती स्टेनलेसची असली तरी स्प्रिंगसाठी कडक केलेली असते, दमदार चुंबकाला थोडी तरी धरते. नंतर थोडं रॉकेल आत घालून पिचकारीने परत ओढा आणि पांढऱ्या फडक्यावर गाळा. मोबाइलला जोडायचा कॅमेरा मिळाला तर प्लगच्या भोकातून सिलिंडरची भिंत बघा. तुकडा वर गेला असेल तर उभे ओरखडे दिसतील.

खाडीकाठ

चुंबकाला काही लागलं नाही, फडक्यावर नुसता काळा गाळ. कॅमेऱ्यात भिंत स्वच्छ दिसते, पिस्टनच्या माथ्यावर एका कडेला दोन बारीक टोचे आहेत.

इंजिनरूम

म्हणजे तो वर जाऊन एक्झॉस्टमधून कधीच निसटला. टोच्यांच्या कडा खरखरीत नसतील आणि रिंग पोर्टमधून ढकलून पाहिली तर दबून परत येत असेल, तर जोडायला हरकत नाही. कॉम्प्रेशनही सारखं आहेच. फक्त तळाशी राहिलेलं रॉकेल पूर्ण काढा आणि तिथे थोडं टू-स्ट्रोक तेल सोडा.

दोन्ही सिलिंडरच्या पत्त्या एकदम बदला. वरच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. ठोकून कापलेल्या पत्तीची एक कड किंचित धारदार असते, गुळगुळीत बाजू बैठकीकडे येऊ द्या. स्क्रूला लॉक्टाइट २४३ चा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, जास्त नको, ओघळून पत्तीखाली गेला तर पत्ती चिकटते. स्टॉपर (पत्तीला जास्त उघडू न देणारी पट्टी) पूर्वीच्याच उंचीवर. पॅकिंग सगळी नवी, आणि जुनी खरवडताना प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

खाडीकाठ

जोडलं. नवे रीड गोव्याहून मागवले, दोन्ही सिलिंडरचे मिळूनही नव्या कार्बपुढे किंमत किरकोळ. हळू चालीचा स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर घेतला आणि तिथून कानाने जुळवला. थंड मशीन आता लगेच पकडतं, चोक लगेच परत ढकलता येतो, गियर टाकला तरी बंद पडत नाही. कागद कोरडा राहतो. काकांनी मुखाशी मुद्दाम चाल कमी करून पाहिली.

पण मुळात हे झालं कशाने? पावसाळ्यात पडून राहिल्यामुळे?

इंजिनरूम

तुटणं थकव्याने. पत्ती मिनिटाला हजारो वेळा वाकते, मुळाशी नाहीतर कोपऱ्यात कधीतरी दम सोडतेच. पडून राहिल्याने त्यात भर पडली असेल: जुन्या पेट्रोलचा चिकटा पत्तीखाली बसला की ती उचललेली राहते. पुढच्या मे अखेरीस मशीन उतरवण्याआधी गोड्या पाण्यात चालवून धुवा. मग पेट्रोलची नळी काढून कार्ब रिकामा होईपर्यंत चालू ठेवा, आणि बंद पडता पडता कार्बच्या तोंडातून फॉगिंग ऑइल (आत गंज धरू नये म्हणूनचं तेल) मारा. आणि आता मॅनिफोल्डचे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर मशीन थंड असताना पुन्हा तपासा. नवं पॅकिंग थोडं दबतं.

मुरुडचा वारा

धागा वाचून आमच्या २५ एचपी फोर-स्ट्रोकचीही शंका आली. हळू चालीवर तेही बंद पडतं. रीड बघू का?

तेलकट हात

फोर-स्ट्रोकला रीड नसतात हो, तिथे हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. आधी आयडल जेट साफ करा. नाहीच सुधारलं तर नवा धागा काढा आणि त्यात कॉम्प्रेशनचे आकडे टाका.