कॉलनीतली रानझाडं आणि जीव नोंदवायचेत, अनुभव आहे का कुणाला?

नंदिनीकाठ
नाशिकला उंटवाडीकडे नंदिनी नदीच्या काठाला आमची कॉलनी. गणपतीनंतर एका रविवारी सगळ्यांनी मिळून इथे आपसूक काय उगवतं, उडतं, सरपटतं ते नोंदवायचं ठरतंय. फोनवर आय-नॅचरलिस्ट घेतलंय, फोटो टाकून झाडं-जीव नोंदवायचं ॲप. पण बैठकीतच वाद! शेजारच्या काकांना फक्त पक्षी हवेत, वरच्या वहिनींना त्यांचं ब्रह्मकमळ टाकायचंय. नदीकाठी तर नुसतं गाजरगवत नि जलपर्णी. त्यात काय नोंदवायचं?

बॉटनीच्या बाई
ब्रह्मकमळ कुंडीतच राहू द्या. टाकलंच तर लागवडीचं अशी खूण करा, नाहीतर ते रानटी म्हणून मोजलं जाईल.

गाजरगवत मात्र जरूर घ्या, आणि वाकून बघा. पांढुरक्या पाठीवर काळसर रेघांचे बारके भुंगेरे पानं कुरतडताना दिसतील. हे मूळचे मेक्सिकोचे. गाजरगवताला आवर घालायला 1984 मध्ये बंगळुरात मुद्दाम सोडले. म्हणजे एका तणावर दोन नोंदी झाल्या. तसंच रुईचं. पान उलटं करा, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असेल तर बहुतेक प्लेन टायगर फुलपाखराची. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, पोरांना आधीच बजावा.

झाडाचा एकच लांबून काढलेला हिरवा फोटो कुणाच्या कामाचा नाही. फूल समोरून आणि बाजूनं, पानाची मागची बाजू, पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, शेंग असेल तर शेंग, सगळे एकाच नोंदीत घाला. ॲप सुचवेल ते नाव डोळे झाकून घेऊ नका. टाकळा एवढंच कळलं तर तेवढंच लिहा, पुढचं जाणकार सांगतात.

आणि हो, गवत कापायला माणसं कधी येतात ते आधी विचारा. कापून गेले की नोंदवायला काही उरत नाही.

पहाटपक्षी
काकांना सहाला बाहेर काढा. मिसळ नंतर. नऊनंतर वेडा राघू नि टिटवी भेटतील, पण झुडपातला शिंपी गप्प होतो. आदल्या रात्री गच्चीवर पांढरी चादर ताणून दिवा लावा, पतंग येतात. लहान मुलं यातच सगळ्यात रमतात.

घोणस नको रे बाबा
काठावरचे दगड उलटवू नका, साप दिसला तर लांबून फोटो, बस. घरट्याचं किंवा घुबडाच्या ढोलीचं नेमकं ठिकाण उघडं ठेवू नका, ॲपमध्ये ते झाकता येतं. बिबट्याचा माग वाटला तर नोंद नंतर, आधी वनविभागाला फोन करा. नाशिकला हे नवीन नाही.

नंदिनीकाठ
आभार! भुंगेरे सापडलेसुद्धा, गेटबाहेरच. काका सहाला तयार आहेत. वहिनी बोलत नाहीयेत. पांढरी चादर कुणाच्या घरची, यावर आता ग्रुपवर चर्चा सुरू आहे.