मदत हवी आहे: विषारी कमेंट आणि साधी टीका वेगळी कशी करायची?

उनाडवारा: प्रबंधाचा विषय टॉक्सिक फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचा ऑनलाइन विखार. डेटा काढून झाला. टूलला दिला तर भलत्याच कमेंट्स विषारी ठरतायत आणि खऱ्या विखारी निसटतायत. गाईडना सोमवारी कोडिंग स्कीम, म्हणजे कमेंट्सच्या वर्गवारीचे नियम, हवी आहे. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

कोरा_कागद: कसला डेटा? कुठला सिनेमा? टूल कोणतं?

उनाडवारा: लिटिल मरमेडचा २०२२ चा टीझर, डिस्नेने कृष्णवर्णीय हॅली बेलीला जलपरी एरियल केलं तो, अजून कुठला असणार! यूट्यूब. टूल पर्स्पेक्टिव्ह, कमेंट किती विषारी त्याचे गुण देणारं गूगलचं.

जुनाखेळाडू: यूट्यूब सोडा, ट्विटर घ्या. संशोधकांना डेटा काढायला अकॅडमिक ॲक्सेस फुकट मिळतो.

कोरा_कागद: काका, तो २०२३ लाच गेला.

शंखनाद: मुळात एरियल गोरी, लाल केसांची. आवडलं नाही म्हटलं की आम्ही लगेच विषारी?

मीराबाई_नव्हे: अँडरसनच्या गोष्टीत तिला राजपुत्र मिळतच नाही. डिस्नेने १९८९ ला लग्न लावून दिलं, तेव्हा मूळ गोष्टीचा पुळका कुणाला आला नाही तो?

शंखनाद: विषय बदलू नका.

कोरा_कागद: शंखनादांचा पहिला प्रतिसाद म्हणजे तुमच्या स्कीमचा पहिला नमुना समजा. निवड पटली नाही, ही टीका. हॅली बेलीच्या वर्णावर घसरलात की तो हल्ला. म्हणून 'रोख कुणावर' आणि 'भाषा कशी' असे दोन वेगळे रकाने करा. टूल फक्त भाषेचा कडवटपणा मोजतं. 'माझी काही हरकत नाही, पण यांनी आपल्या गोष्टी आपण लिहाव्यात' हे त्याला गोडच वाटणार. थोड्या कमेंट्स दोघांनी एकमेकांना न विचारता वाचा, कापा (दोघांचं किती जुळलं त्याचा आकडा) काढा. जुळलं नाही तर व्याख्या सुधारा आणि पुन्हा वाचा.

जुनाखेळाडू: कशाला एवढं? बॉट असतात सगळे. स्टार वॉर्सच्या 'लास्ट जेडाय'वर २०१८ चा मॉर्टन बे यांचा अभ्यास आहे.

कोरा_कागद: तो दिग्दर्शकाला केलेल्या ९६७ ट्वीट्सचा. नकारात्मक साधारण पाचात एक. त्यांतले अर्ध्याहून जास्त 'बॉट, ट्रोल किंवा राजकीय हेतूचे असावेत', एवढंच म्हटलंय. उरलेली माणसंच की. त्याच सिनेमातल्या केली मेरी ट्रॅनने त्या वर्षी इन्स्टाग्राम रिकामं केलं.

मीराबाई_नव्हे: नुसत्या कमेंट्स नका मोजू, खातीही मोजा. एकच जण दिवसभर ओकत असतो. आणि डिसलाइकचे आकडे वापरू नका. यूट्यूबने ते नोव्हेंबर २०२१ लाच झाकले, टीझरच्या नावाने फिरतात ते ब्राउझर एक्स्टेन्शनचे अंदाज.

सर्वज्ञ०७: गाईड बदला. मी बदलला होता.

कोरा_कागद: उनाडवारा, खालचे रिप्लाय काढलेत ना? यूट्यूबच्या एपीआयमधल्या (डेटा मागवायच्या सोयीतल्या) कमेंटथ्रेड्समधून प्रत्येक कमेंटखालचे मोजकेच येतात. बाकीचे वेगळे मागवावे लागतात, आणि खरी जुंपते तिथेच.

उनाडवारा: वेगळे मागवायचे?? म्हणजे डेटा अर्धाच आहे. आज बसतो. दुसरा वाचणारा कुठून आणू?

शंखनाद: मी वाचतो.

मीराबाई_नव्हे: कापा शून्याखाली जाईल हो.