कामगंध सापळ्यांत पतंग कमी, तरीही बोंडांत अळ्या: कारण काय असावे?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. पीक 45 दिवसांचे झाल्यावर गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी मी एकरी दोन याप्रमाणे आठ कामगंध सापळे (मादीच्या गंधाचे आमिष ठेवून या अळीचे नर पतंग पकडणारे सापळे) लावले आणि रोज सकाळी सापडलेले पतंग मोजून वहीत लिहीत आलो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर फवारणी करावी, अशी शिफारस आहे. माझ्याकडे ही संख्या एकदाही चारच्या वर गेली नाही, म्हणून मी निर्धास्त राहिलो. मात्र मागच्या आठवड्यात वीस हिरवी बोंडे फोडून पाहिली, तेव्हा पाचांमध्ये अळी निघाली. दहा टक्के बोंडांत अळी ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे फवारणी करणे परवडते ती मर्यादा, केव्हाच ओलांडली गेली होती, आणि हे पाहून फार वाईट वाटले.

यामागचे शास्त्र मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. मादी पतंग रात्री पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून गंध सोडते आणि त्याच जातीचा नर आपल्या शृंगिकांनी (डोक्यावरील मिशांनी) तो ओळखून वाऱ्याच्या उलट दिशेने तिच्यापर्यंत पोहोचतो. गुलाबी बोंडअळीचा हा गंध दोन घटकांच्या जवळपास समसमान मिश्रणाचा असतो, तर अमेरिकन बोंडअळीचे मिश्रण अगदी वेगळे असते. म्हणूनच दोघींचे ल्यूर (सापळ्यात बसवायची गंधाची आमिषे) वेगवेगळे मिळतात. हे गंध किती अल्प प्रमाणात असतात, याची कल्पना रेशीम पतंगाच्या उदाहरणावरून येते: 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी त्याचा गंध प्रथम ओळखला, तेव्हा काही मिलिग्रॅम पदार्थासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

हे वाचल्यापासून मला माझ्याच हाताळणीची शंका येते. मी दोन्ही किडींचे ल्यूर एकाच दिवशी, हात न धुता आणि हातमोजे न घालता बसवले होते. बोटांना लागलेल्या दुसऱ्या गंधामुळे नर सापळ्याकडे फिरकले नसतील का? शिवाय कपाशी वाढत गेली तरी सापळे मी वर सरकवले नाहीत, त्यामुळे ते आता पानांत दडले आहेत.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. सापळ्यात केवळ नर येतात. शेजारच्या शेतात मीलन होऊन आलेल्या माद्या माझ्या कपाशीवर अंडी घालत असतील, तर सापळ्याला त्याचा पत्ता लागणार नाही. तसेच शेतातच खऱ्या माद्या पुष्कळ झाल्या, तर त्यांच्या गंधापुढे ल्यूर फिका पडून, प्रादुर्भाव वाढत असतानाच सापळ्यातील संख्या कमी दिसू शकते का? ज्यांनी सापळ्यांतील आकडे आणि बोंडांतील अळ्या या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या असतील, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक) घ्यायची नाही, हे आमचे ठरलेले आहे. उरलेल्या हिरव्या बोंडांसाठी नवे ल्यूर लावून पुन्हा मोजणी करावी, की सापळ्यांवर विसंबून न राहता दर आठवड्याला बोंडे फोडूनच निर्णय घ्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.