इराकला ८० टक्के माफी, मग सुदानचं घोडं कुठे अडलं?

कोरडवाहू (धागाकर्ता):
युद्धाने मोडलेल्या देशाचं कर्ज माफ करा म्हटलं की इराकचा दाखला पुढे येतो. २१ नोव्हेंबर २००४ ला पॅरिस क्लबने (कर्ज देणाऱ्या सरकारांचा गट) ३८.९ अब्ज डॉलरपैकी ८० टक्के सोडले. हा दाखला मला पटत नाही. इराकला माफी मिळाली, कारण बगदादमध्ये अमेरिकेची फौज होती. डिसेंबर २००३ मध्ये बुश यांनी जेम्स बेकर यांना खास दूत नेमून पॅरिस, बर्लिन, मॉस्कोला धाडलं. आणि ऐन त्याच सुमारास पेंटागॉनने युद्धाला विरोध करणाऱ्या देशांना पुनर्बांधणीच्या १८.६ अब्जांच्या मुख्य कंत्राटांतून बाद केलं. कंत्राटं तोडायची आणि वर कर्जही सोडा म्हणायचं! अमेरिका ९५ टक्के मागत होती, फ्रान्स ५० वर अडून होता. त्या घासाघिशीतून ८० निघाले.

सुदानवर सुमारे ५६ अब्जांचं कर्ज. जुलै २०२१ मध्ये पॅरिस क्लबने २३.५ अब्जांपैकी १४.१ अब्ज सोडायचं ठरवलं, २५ ऑक्टोबरला लष्कराने सत्ता बळकावली आणि सगळं थंडावलं. पाठीराखा नाही, तर माफीही नाही.

बाराखडी:
असहमत. ८० टक्के एकदम मिळाले नाहीत. पहिले ३० लगेच, पुढचे ३० आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आर्थिक सुधारणांचा कार्यक्रम मंजूर झाल्यावर (डिसेंबर २००५), शेवटचे २० तीन वर्षं कार्यक्रम पाळल्यावर (२००८). उरलेले ७.८ अब्ज २३ वर्षांत फेडायचे, त्यातली पहिली ६ सवलतीची. सुदानच्या वाटेतही पायऱ्याच होत्या. आधी जागतिक बँक, नाणेनिधी यांची थकबाकी मिटवा, मगच माफीचं दार उघडतं. जागतिक बँकेच्या थकबाकीसाठी १.१५ अब्जांचं तात्पुरतं कर्ज अमेरिकेनेच दिलं, तेव्हा पाठीराखा अगदीच नव्हता असं नाही. बंडानंतर पैसे सोडले असते तर ते गेले असते सेनापतींच्या खिशात.

कोरडवाहू:
नियम एकच असेल तर २००६ चा इराक आठवा. समाराची मशीद उडवली, बगदादमध्ये रोज प्रेतं सापडत होती, तरी टप्पे चालूच राहिले. म्हणजे नियम रक्तपात बघत नाही, सही करायला वॉशिंग्टनला चालणारं सरकार आहे का एवढंच बघतो.

खतावणी:
तुम्ही दोघेही पॅरिस क्लबभोवतीच फिरताय. इराकचं एकूण परकीय कर्ज १२० अब्जांच्या वर धरलं जायचं; क्लबचा वाटा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. खरी किचकट कामं बाहेर झाली.

पहिलं काम, जप्ती रोखणं. मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने इराकी तेलाला संरक्षण दिलं: माल पहिल्या खरेदीदाराच्या मालकीचा होईपर्यंत कोणत्याही धनकोला जप्ती आणता येणार नाही. हे नसतं तर जुने दावे स्वस्तात उचलणाऱ्या फंडांनी बंदराबंदरांत टँकर अडवले असते. त्यामुळे कोर्टात जाण्यात अर्थ उरला नाही आणि लोक तडजोडीला आले. माझ्या मते ८० टक्क्यांपेक्षा हा ठराव मोलाचा.

दुसरं, खाती जुळवणं. कंत्राटदार, बँका, पुरवठादार यांचे दावे १९८० च्या दशकातले. त्यात १९९० पासून निर्बंध, म्हणजे व्याज चढत गेलेलं. धनकोचा आकडा आणि बगदादचा आकडा एकेका दाव्यात जुळवायचा, मगच ऑफर. ३.५ कोटी डॉलरपर्यंतच्या दावेदाराला रोख: १०० डॉलरच्या दाव्यामागे १० डॉलर २५ सेंट. त्याहून मोठ्याला १०० मागे २० डॉलर दर्शनी किमतीचा रोखा, व्याज ५.८ टक्के, मुदत २०२८. लहान दावे रोखीत संपवले ते बरंच केलं, नाहीतर प्रत्येकाच्या रोख्याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत बसावं लागलं असतं.

बाराखडी:
बरोबर, आणि क्लबची अट अशी की बाकीच्या धनकोंकडूनही इराकने निदान तेवढीच सूट मागायची. पण क्लबच्या बाहेर ती अट लादणार कोण? संयुक्त अरब अमिरातीने २००८ मध्ये सगळं सोडलं. सौदी आणि कुवेतचे आकडे मात्र लोंबकळत राहिले. इराक म्हणतो ती इराणविरुद्धच्या युद्धातली मदत होती, ते म्हणतात कर्ज. आणि कुवेतच्या नुकसानभरपाईला तर माफी नव्हतीच, ५२.४ अब्ज डॉलर तेलाच्या पैशांतून फेडत फेडत २०२२ उजाडलं.

कोरडवाहू:
ठरावाचा मुद्दा मान्य. पण तो सुरक्षा परिषदेत पास कोण करून घेतं, ते बघा. सुदानच्या सोन्याला कुणी असं कवच देईल?

खतावणी:
सोन्याला देऊन उपयोगही नाही. तेल टँकरमध्ये भरतं, त्याची नोंद राहते. सुदानचं पुष्कळ सोनं चोरवाटांनी बाहेर जातं आणि त्या वाटा तिथे एकमेकांशी लढणाऱ्या लष्कर आणि निमलष्करी दलाच्याच हातात. शिवाय क्लबबाहेर कुवेत हा सुदानचा मोठा धनको, त्याच्याशी वेगळं बसावं लागेल. तिथे खार्तूमच्या वतीने सही कुणाची चालेल, ते आधी सांगा. टक्केवारीचं नंतर बघू.