आळस नव्हे, डोक्याचा शीण

दादा, "दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे पाय कसले दमतात, हा आळसच" हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. मार्चअखेरीला दिवसभर आकडे जुळवून संध्याकाळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पळायला जातो. ओहोटीची घट्ट ओली वाळू, सुरूच्या बनातला वारा, सगळं रोजचंच. पण दुसऱ्या किलोमीटरलाच पाय शिशाचे होतात. रविवारी सकाळी तेच अंतर कधी संपलं ते कळतही नाही.

2009 साली मार्कोरा नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना 90 मिनिटं सतत लक्ष लागेल असं संगणकावरचं काम दिलं आणि मग दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवी सरासरी 754 सेकंद टिकणारे ते 640 सेकंदांतच थांबले. चालवताना हृदयाच्या ठोक्यांत फारसा फरक नव्हता; तेवढेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. म्हणजे दम स्नायूंचा संपलेला नसतो. (एकदाच जोर लावून वजन उचलायचं असेल तर हा परिणाम फारसा दिसत नाही.)

म्हणून अशा दिवशी मी घड्याळ घरीच ठेवतो आणि पलीकडे मांडवीला दिवे लागेपर्यंत सावकाश पळतो. कृपा करून कुणाला आळशी म्हणू नका.