‘शेती बाईने शोधली’ म्हणायला अडचण कसली?

सई_बोरिवली
शाळांच्या भिंतींवरचा आदिमानव आठवा. पुरुष पेरतोय, पुरुष चाक घडवतोय, बाई मूल घेऊन चुलीपाशी. कुठल्या पुराव्यावर? सीरियातल्या अबू हुरेरा इथले नवाश्मयुगीन, म्हणजे शेती सुरू झाली त्या काळातले सांगाडे संशोधक थिया मॉलेसन यांनी तपासले. गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून दगडी पाट्यावर धान्य भरडल्याने अंगठ्याचे सांधे झिजलेले, मणके दबलेले. आणि हे सांगाडे बहुतेक बायकांचे! मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं २०१७च्या अभ्यासात आकाराच्या मानाने केंब्रिजच्या नौकानयनपटू मुलींपेक्षा ११ ते १६ टक्के मजबूत निघाली. मग ती चित्रात कडेला का?

गिरगावकर
सईताई, कष्ट मान्य. पण दळणं म्हणजे शोध नव्हे. पहिलं बी कोणी पेरलं हे हाडांवरून कळत नाही. मडकी बायकांचीच, असंही आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या चाको संस्कृतीच्या जुन्या खापरांवर पुरुष आणि बायका दोघांच्याही बोटांचे ठसे मिळाले. एक दंतकथा पाडून दुसरी उभी करू नका.

सई_बोरिवली
‘पहिलं बी’ असा क्षण नव्हताच हो. रानगव्हाचा दाणा पिकला की गळतो. थोड्या ओंब्या मात्र दाणे धरून ठेवतात. कापताना त्याच जास्त हाती लागतात, पुढे त्याच पेरल्या जातात. हे शेकडो पिढ्या चाललं आणि रानटी गवताचं पीक झालं. म्हणजे खुडणं, पाखडणं, बियाणं राखणं यातूनच शेती जन्मली. तिथे कष्ट बाजूला काढून शोध वेगळा दाखवणार कसा?

दहिसरचा_मंदार
पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर पाड्यांवरच्या आदिवासी मावश्या शेवळं ही रानभाजी विकतात. खाज जायला सोबत काकडं ही रानफळं घाल, हे त्याच बजावतात. रानातलं ज्ञान आजही बायकांकडेच आहे.

गिरगावकर
मंदार, त्या आजच्या बायका आहेत, अश्मयुगाचा नमुना नव्हेत. त्यांच्यावरून दहा हजार वर्षांमागचं ठरवणं त्यांच्यावरही अन्यायच.

सई_बोरिवली
हे पटलं. मग तोच काटेकोरपणा पुरुषांनाही लावा. पेरूमध्ये ९००० वर्षांपूर्वीच्या एका तरुणीच्या दफनात शिकारीची दगडी हत्यारं सापडली, तर ‘ती तिचीच कशावरून?’ असं लगेच विचारलं गेलं. पुरुषाशेजारी भाल्याचं टोक मिळालं की असं कोण विचारतं?

गिरगावकर
हा मुद्दा बरोबर आहे. चित्रात दोघंही पेरताना दाखवा, मी सही करतो. ‘बाईनेच’ याला मात्र माझा विरोध कायम.

सई_बोरिवली
आणि तिचा हात पुढे दिसला पाहिजे, हा माझा आग्रह कायम.